वाटेतलं हेलसिंकी

आपल्याकडून युरोपात शिकायला निघालेल्या मुलांना हेलसिंकी बहुधा फक्त तिकिटावर भेटतं. दिल्लीहून निघालेलं विमान तिथे उतरतं, दोन-तीन तासांत बर्लिनचं किंवा म्युनिकचं विमान मिळतं, आणि फिनलंड नावाचा देश विमानतळाच्या काचेतून दिसणाऱ्या झाडांच्या रांगेपुरता बघून होतो. सप्टेंबर 2023 मध्ये मी ड्रेस्डेनला जल-अभियांत्रिकी शिकायला निघाले, तेव्हा सगळ्यात स्वस्त तिकिटात हेलसिंकीला एक रात्र आणि पुढचा जवळजवळ अख्खा दिवस मुक्काम होता. तिकीट काढून देणारा दादा म्हणाला, "ताई, थोडे जास्त भरा आणि सरळ जा की, उगाच एकटीनं रात्र कशाला काढताय?" मी नको म्हटलं. पैसे वाचत होतेच, पण मला खरोखरच त्या गावी जायचं होतं.

कारण मी कराडची. आमच्याकडच्या पोराटोरांनाही हेलसिंकी हे नाव ठाऊक असतं. फिनलंड नकाशात कुठे दाखवायचं ते येत नाही, पण हेलसिंकी म्हटलं की खाशाबा हे येतं. कराडला लागूनच गोळेश्वर आहे, खाशाबा दादासाहेब जाधव तिथले. 23 जुलै 1952 या दिवशी त्यांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलो वजनाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत, ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडावं लागलं, ते लिअँडर पेसचं टेनिसमधलं. मधली 44 वर्षं एवढ्या मोठ्या देशाच्या खात्यावर गोळेश्वरच्या एका पैलवानाचं वैयक्तिक पदक तेवढं होतं.

आमचे आबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. खाशाबा परत आले तेव्हाची मिरवणूक त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली. शंभरावर बैलगाड्या, हलगी, लेझीम, आणि कराड ते गोळेश्वर एवढ्याशा वाटेला लागलेले कित्येक तास. पण आबांच्या सांगण्यात मिरवणूक लवकर संपायची. ते जास्त वेळ बोलायचे ते पैशांबद्दल. 1948 साली लंडनला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता, तिथे खाशाबा सहावे आले. 1952 ला मात्र पैशांसाठी दारोदार फिरायची वेळ आली. गावाने वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला, आणि तरीही पुरेना तेव्हा खाशाबा ज्या राजाराम कॉलेजात शिकले तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आमच्या भागात ही गोष्ट पदकाच्या बरोबरीने सांगितली जाते. आबा म्हणायचे, "पदक खाशाबांचं. पण हरलं असतं तर घर सरांचं जाणार होतं."

लहानपणी हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचा अर्थ कळायला मला बँकेच्या शाखेत बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसावं लागलं.

जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते, हे खरं आहे. पण व्हिसा हवा तर वर्षभराच्या राहण्या-जेवण्याचे पैसे आधीच एका कुलूपबंद खात्यात भरून दाखवावे लागतात. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. माझ्या वर्षी ती रक्कम 11,208 युरो होती, म्हणजे साधारण दहा लाख रुपये. तिथे पोहोचल्यावर त्यातूनच तेव्हा दरमहा 934 युरो सुटायचे, त्याच्यावर एक सेंट नाही. पैसे आपलेच, पण घासाघासाने मिळतात. हे दहा लाख, वर विमान, विमा, पहिल्या महिन्यांची अनामत, दुसऱ्या वर्षाची तजवीज, असं करत शैक्षणिक कर्जाचा आकडा बराच वर गेला आणि बँकेने तारण मागितलं. तारण द्यायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, कराडातलं घर. आई-बाबांनी वर्षानुवर्षं हप्ते भरून ते नुकतंच मोकळं करून घेतलं होतं.

मग सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, नकाशाची प्रत, मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा. सह्या करायच्या दिवशी अधिकारी पान उलटायचे, बोट ठेवायचे आणि बाबा सही करायचे. बाबांची सही लांबलचक आहे, पूर्ण नाव आणि खाली रेघ. एकाही पानावर त्यांनी ती आखडती घेतली नाही. शेवटच्या काही पानांपाशी त्यांनी पेन खाली ठेवून बोटं मोकळी केली, पाणी प्यायले आणि पुन्हा लिहायला लागले. काही आठवड्यांनी नवा उतारा हातात आला तेव्हा त्यावर बँकेचा बोजा चढलेला होता. आईने तो वाचला, घडी घातली आणि लोखंडी कपाटात पूर्वीच्याच पिशवीत ठेवला. त्या रात्री आबांचं वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

म्हणून मला हेलसिंकीला थांबायचं होतं. ज्याच्यासाठी एक घर गहाण पडलं होतं ती जागा बघायची होती.

एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम असा की ज्या देशात पहिल्यांदा उतराल तिथेच तपासणी. त्यामुळे जर्मनीचा व्हिसा घेऊन निघालेली मी युरोपात शिरले ती फिनलंडच्या दारातून, आणि पासपोर्टवर पहिला शिक्का पडला तोही हेलसिंकीचाच. काचेमागच्या तरुण अधिकाऱ्याने प्रवेशपत्र बघितलं, खात्याचा कागद बघितला आणि विचारलं, हेलसिंकीत काय काम? मी सांगितलं, 1952 च्या ऑलिंपिकची कुस्तीची जागा बघायची आहे. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, "कुस्ती?" असं पुन्हा विचारलं आणि शिक्का मारला. कुस्ती ही फिनलंडचीही जुनी आवड आहे, हे मला नंतर कळलं.

विमानतळावरून शहरात जायला साधी लोकल आहे, अर्ध्या तासात मध्यवर्ती स्टेशन. येणारं प्रत्येक स्टेशन डब्यात दोनदा पुकारलं जात होतं, एकदा फिनिशमध्ये आणि एकदा स्वीडिशमध्ये. सहाशेच्या आसपास वर्षं हा मुलूख स्वीडनचा भाग होता, 1809 मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला आणि 6 डिसेंबर 1917 ला स्वतंत्र झाला. स्वीडिश बोलणारे आता थोडे उरले आहेत, तरी रस्त्यांच्या पाट्यांवर दोन्ही नावं आहेत. राज्यकर्ते गेले म्हणून त्यांची भाषा पुसायची नाही, हे मला आवडलं.

मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकली. तिच्यात कुकर होता, शिट्टी वेगळ्या रुमालात बांधलेली, आणि मेतकूट, गोडा मसाला, आईने वाळवून दिलेलं आलं. संध्याकाळी सिनेट चौकापर्यंत चालत गेले. पांढरंशुभ्र कॅथेड्रल, त्याच्या रुंद पायऱ्या आणि चौकाच्या मधोमध झार दुसऱ्या अलेक्झांडरचा पुतळा. स्वतंत्र झाल्यावरही त्यांनी झारचा पुतळा हलवला नाही. त्याने फिनिश भाषेला आणि त्यांच्या संसदेला मान दिला होता, एवढी जाण ठेवली. सात वाजून थोड्याच वेळात अंधार पडला आणि बंदराकडून असा वारा सुटला की पुण्यात घेतलेलं जाड जाकीट साध्या सदऱ्यासारखं वाटायला लागलं. सुओमेनलिन्ना हा समुद्रातला किल्ला बोटीने पंधरा मिनिटांवर आहे, जागतिक वारसा यादीत आहे, सगळे तिथे जातात. किल्ल्यांच्या मुलखातली असूनही मी गेले नाही. हातात एक दिवस होता आणि तो मला दुसऱ्याच कामाला द्यायचा होता.

सकाळी आधी ओदीत गेले. ओदी हे हेलसिंकीचं मध्यवर्ती वाचनालय, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, बरोबर संसदेसमोर. स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाल्याची भेट म्हणून देशाने ते स्वतःलाच दिलं आणि डिसेंबर 2018 मध्ये उघडलं. तुम्ही कोण, सभासद आहात का, बॅगेत काय आहे, काहीही न विचारता आत जाता येतं. दुसऱ्या मजल्यावर शिवणयंत्रं आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या आहेत. सकाळीच एक आजोबा चष्मा नाकावर ओढून पँटची खालची पट्टी दुमडून शिवत बसले होते. टाचण्या एकेक करून काढायच्या, ओठांत धरायच्या, शिलाई मारायची, दोरा तोडायचा. शेजारच्या यंत्रावर कॉलेजातली मुलगी पडद्याचं कापड घेऊन अडली होती, तर त्यांनी आपलं काम थांबवून तिची बॉबिन बसवून दिली. वरच्या मजल्यावर पुस्तकं, काचेच्या भिंती, आतच लावलेली झाडं आणि बाबागाड्या घेऊन आलेले आई-बाप. मी गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी नगरपालिकेच्या अभ्यासिकेत केली आहे, तिथे खुर्ची मिळावी म्हणून सकाळी सहाला रांगेत उभी राहिले आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. गावोगावची वाचनालयं चिकाटीने चालवणारी माणसंही आहेत, पण तुटपुंज्या अनुदानावर ती कशी चालतात ते मी जवळून बघितलं आहे. ओदीच्या खुर्चीत बसून मला हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

तिथेच इंग्रजी पुस्तकांच्या मांडणीत फिनलंडचा इतिहास हाताला लागला. मी 1952 शोधत होते. पदकांची यादी सापडेल असं वाटलं होतं, सापडला कर्जाचा हिशेब.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंड सोव्हिएत रशियाशी दोनदा लढला आणि 1944 मध्ये तह करताना त्याच्यावर युद्धाची नुकसानभरपाई लादली गेली, 30 कोटी डॉलरची. तीही रोकड नव्हे, मालाच्या रूपात. जहाजं, रेल्वेची इंजिनं, कागद कारखान्यांची यंत्रं, केबल, लाकडी घरं. देश तोवर मुख्यतः शेतीचा आणि जंगलाचा. त्यातली बरीचशी यंत्रं त्यांनी पूर्वी कधी बनवलीच नव्हती. त्यातच सोव्हिएत रशियाला द्याव्या लागलेल्या कारेलिया या प्रदेशातून चार लाखांवर माणसं घरदार सोडून आली होती, त्यांना जमिनी द्यायच्या होत्या. त्यांनी कारखाने उभे केले, माल बनवला आणि खेपेमागून खेप पाठवत राहिले. रक्कम पुढे थोडी कमी झाली, मुदत सहाची आठ वर्षं झाली. शेवटची खेप सीमेपार गेली सप्टेंबर 1952 मध्ये.

मी ते पुन्हा वाचलं. ऑलिंपिक संपलं 3 ऑगस्ट 1952 ला. म्हणजे खाशाबा कराडहून येऊन या शहरात उतरले तेव्हा हा देश अजून कर्ज फेडतच होता. एका हाताने 69 देशांच्या खेळाडूंना वाढत होता आणि दुसऱ्या हाताने यंत्रं भरलेल्या गाड्या पूर्वेला पाठवत होता. गोळेश्वरची वर्गणी, कोल्हापुरातलं गहाण घर आणि हप्त्यांत अडकलेलं यजमान शहर, सगळं एकाच जुलै महिन्यात. पदकाबद्दल मी आयुष्यभर ऐकलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. पहिल्या महायुद्धानंतर उपासमार टाळण्यासाठी फिनलंडने अमेरिकेकडून अन्नधान्य उधारीवर घेतलं होतं. पुढे मंदीत युरोपातल्या एकेका देशाने अमेरिकेची देणी थकवली, फिनलंड मात्र भरत राहिला. 1949 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की फिनलंडकडून येणारे यापुढचे हप्ते फिनिश विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकायला पाठवण्यासाठी वापरायचे. धान्याच्या उधारीची शिष्यवृत्ती झाली. हे वाचताना माझा गळा दाटून आला, आणि ते मी लपवत नाही. उताऱ्यावर बोजा चढल्या दिवसापासून मी कर्जाकडे फक्त भीतीने बघत होते.

ओदीतून बाहेर पडलं की टोओलो खाडीच्या काठाने चालत जाता येतं. मेपलची पानं पिवळी व्हायला लागली होती, कडेच्या झाडांवर लाल फळांचे घोस लगडले होते. ऑपेरा हाउस मागे टाकलं की ऑलिंपिक स्टेडियमचा पांढरा मनोरा दिसतो. त्याची उंची 72.71 मीटर, 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मत्ती यार्विनेनने भाला जेवढा लांब फेकून सुवर्णपदक मिळवलं, तेवढीच. स्टेडियम 1938 मध्येच तयार झालं होतं, 1940 चं ऑलिंपिक इथे व्हायचं होतं. युद्धाने ते गेलं आणि इमारत बारा वर्षं थांबून राहिली. बाहेर फिनलंडचे नामवंत धावपटू पावो नुर्मी यांचा धावता पुतळा आहे. 1952 मध्ये मैदानातली ज्योत त्यांनीच पेटवली. त्याच नुर्मींना 1932 मध्ये प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे घेतले म्हणून ऑलिंपिकमधून बाद केलं होतं. खेळाडूने पोटासाठी पैसे घ्यायचे नाहीत, असा तो काळ. मग भाकरीची आणि प्रवासाची सोय कुणी करायची, हा प्रश्न नुर्मींच्या तुर्कू गावाला होता तसाच गोळेश्वरलाही होता.

कुस्त्या स्टेडियममध्ये झाल्या नव्हत्या, त्या झाल्या मेस्सुहल्लीत. 1935 चं ते प्रदर्शनगृह स्टेडियमच्या जवळच आहे. आता त्याला टोओलोचं क्रीडागृह म्हणतात आणि शहरातलं कुणीही तिथे खेळायला जातं. काउंटरवरच्या बाईंना मी फोनवर खाशाबांचा फोटो दाखवला, 1952, कुस्ती, ब्राँझ, आमच्या गावाजवळचे, एवढं सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, नाव कसं लिहायचं ते विचारून एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, मोठ्या हॉलच्या दारातून बघ, खेळणाऱ्यांच्या मध्ये जाऊ नको.

आत बॅडमिंटन चाललं होतं. लाकडी जमीन, तिच्यावर वेगवेगळ्या खेळांच्या रंगीत रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या. जवळच्या कोर्टवर गुडघ्यांना पट्टे बांधलेले दोन वयस्कर गृहस्थ खेळत होते, बुटांचा करकर आवाज घुमत होता. मी मनातल्या मनात तिथे मॅट अंथरायचा प्रयत्न केला. तांबड्या मातीत वाढलेला, ढाक या डावावर हुकमत असलेला पैलवान. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, या तिन्ही देशांच्या मल्लांना त्यांनी इथे हरवलं. मग जपानचा शोहाची इशी, जो पुढे सुवर्ण घेऊन गेला. ती कुस्ती लांबली आणि थोडक्यात गेली. आमच्याकडे सांगतात की ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हशी लढायला त्यांना बोलावलं. मध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला भारतीय पथकातलं कुणी तिथे हजरच नव्हतं.

त्या दारात उभी असताना मला सगळ्यात जास्त तेच लागलं. ज्यांनी वर्गणी दिली ते गोळेश्वरात, ज्यांनी घर गहाण ठेवलं ते कोल्हापुरात. ज्यांचं सगळं पणाला लागलं होतं त्यातलं कुणीही इथे नव्हतं, आणि जो होता त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणारं कुणी नव्हतं. दमलेला तरुण पुन्हा मॅटवर गेला. मी पुढच्या दोन वर्षांत अनेकदा दमणार होते, परक्या भाषेत परीक्षकांसमोर एकटी उभी राहणार होते, तेव्हा मला हे आठवावं असं मी ठरवलं. आणि आठवलंही. ड्रेस्डेनमधल्या पहिल्या तोंडी परीक्षेच्या आधी मी जिन्यात बसून होते तेव्हा डोळ्यांपुढे त्या रंगीत रेघांची जमीन होती.

बाहेर येऊन आबांना व्हिडिओ कॉल लावला. कराडला दुपार होती, ते जेवून पडले होते. आधी त्यांना मनोरा दाखवला, मग इमारत. ऐंशी वर्षांचा माणूस उठून बसला. "माती हाय का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं, लाकडी जमीन आहे, आता पोरंथोरं बॅडमिंटन खेळतात. "खेळू द्या, खेळू द्या," म्हणाले. मग म्हणाले, "तितं कुटं नाव लिवलंय का गं त्यांचं?"

मी इमारतीच्या बाजूने फिरून बघितलं. दर्शनी भिंत, प्रवेशाजवळची जागा, आतला व्हरांडा. मला तरी कुठे दिसलं नाही. आबांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बाबांच्या हातात फोन देऊन टाकला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की तिथे एक पाटी लागली पाहिजे. महाराष्ट्र सरकारने 15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरवला आहे. दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या हॉलला 2010 मध्ये त्यांचं नाव दिलं आहे. मग ज्या छताखाली ते पदक मिळालं तिथे हातभर लांबीची पाटी लावायला काय हरकत आहे? फिनिश, स्वीडिश आणि मराठी, तिन्ही भाषांत. हेलसिंकीतल्या नगरपालिकेला विनंती करायला आपल्या दूतावासाचं एक पत्र पुरेल, असा माझा समज आहे. मी माझ्या परीने एक मेल पाठवला आहे, आणि कराडच्या काही मंडळींनी निवेदनाचा मसुदा करायला घेतला आहे. त्या मसुद्यात मी एवढाच आग्रह धरला की पाटीवर खाशाबांच्या नावाखाली गोळेश्वरच्या ग्रामस्थांचा आणि प्राचार्य खर्डेकरांचाही उल्लेख हवा, घर गहाण ठेवल्याच्या गोष्टीसकट. एका काकांना ते पटलं नाही. परदेशात आपली गरिबी कशाला मिरवायची, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना फिनलंडच्या नुकसानभरपाईची गोष्ट सांगितली. त्या देशाने आपलं कर्ज कुठेही दडवलेलं नाही, उलट कसं फेडलं ते अभिमानाने लिहून ठेवलं आहे. काका विचार करतो म्हणाले.

तुमच्यापैकी कुणाचं विमान हेलसिंकीला थांबणार असेल आणि हाताशी पाच-सहा तास आणि शेंगेनचा व्हिसा असेल, तर लोकल पकडा. स्टेशनपासून क्रीडागृह खाडीच्या काठाने चालत अर्ध्या तासाच्या आत येतं. काउंटरवर खाशाबांचं नाव घ्या. एकाच माणसासाठी पुन्हा पुन्हा कुणी विचारायला येतंय हे त्यांना कळलं, तर आपलं पत्र पोहोचेल तेव्हा ते नाव त्यांना नवं वाटणार नाही.